डब्यातलं इंग्रजी

चाकूर
रविवार, २८ डिसेंबर २०२५

चि. अक्षरास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी आई. तू लातूरला गेल्यापासून 'सगळे' हा शब्द आम्हा दोघांना जरा ढगळ होतो. येळवशीच्या सणाला तू आली नाहीस. शेतात आंबील होती, भज्जी होती, हणमंतरावकाका घरच्यांना घेऊन आले होते आणि जो तो विचारत होता, पोरगी कुठाय. मी म्हणायचो, अभ्यास. आपल्याकडं या शब्दापुढं कुणी काही विचारत नाही.

हे पत्र डब्याच्या पिशवीत, भाकरीखाली प्लास्टिकच्या कागदात घालून पाठवतोय. तुझा मोबाईल रेक्टर मॅडमच्या कपाटात. रविवारी दहा मिनिटं मिळतो, त्यातली सात मिनिटं तू आईला काय खाल्लं ते सांगण्यात घालवतेस. डबा मात्र रोज सकाळी सातच्या बसनं न चुकता लातूरला जातो आणि संध्याकाळी रिकामा परत येतो. लातूरला शिकणाऱ्या कितीतरी पोरापोरींचं जेवण असंच गावाहून बसनं जातं, मग चार ओळी का जाऊ नयेत? उत्तरही रिकाम्या डब्यातच ठेव. फक्त डबा पुसून घे. परवा तू सराव परीक्षेची उत्तरपत्रिका ठेवलीस, तिला लोणच्याचं तेल लागलं होतं.

तेल लागलं तरी आकडा वाचता आला. इंग्रजी, ऐंशीपैकी एकवीस.

मी रागावलेलो नाही. काल रागावलो होतो, आज राग उतरलाय. तुझं म्हणणं असं की डॉक्टरकीच्या परीक्षेत इंग्रजी कुठंय, कविता वाचून कुणाची सर्दी बरी होते. बरोबर आहे. पण बारावीला इंग्रजीत नापास झालीस तर ते बायोलॉजीचे मार्क काय फ्रेम करून दुकानात लावू? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी गत व्हायची. दोन वर्षांची सगळी मेहनत या एका पेपरावर अडून बसलीय, आणि तो पेपर सगळ्यात पहिला आहे.

तुझं कवितेच्या रसग्रहणाचं उत्तर मी दोनदा वाचलं. क्लासच्या सरांनी सगळ्यांना एक साचा पाठ करायला दिलेला दिसतोय. ही कविता टिंब टिंब या कवीची, तिचा विषय टिंब टिंब, भाषा सोपी, शेवट हृदयस्पर्शी. टिंबांच्या जागी कवितेप्रमाणं भरायचं. आणि तू ती टिंबांसकट लिहून आलीस. कवी माहीत नाही, विषय माहीत नाही, तरी शेवट हृदयस्पर्शी. मला हसायचा हक्क नाही, कारण मी स्वतः एकदा लग्नाच्या आहेराच्या एकवीस पातेल्यांवर 'अमुक यांच्याकडून सप्रेम भेट' असं मशिननं कोरलं होतं. गिऱ्हाईकानं नमुना म्हणून तसंच लिहून दिलं होतं, मी नमुनाच कोरला. पण हसलो.

इंग्रजी हा माझा हातखंडा विषय होता. बारावीला किती मार्क होते ते सांगत नाही, तुझा धीर खचायचा. त्या प्रश्नातली ती खुर्चीची कविता झेरॉक्स करून डब्यात पाठव. बाकी मी बघतो.

तुझे
अप्पा

ता. क. आई म्हणते, स्वेटर पेटीत ठेवायला दिलेला नाही.


चाकूर
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

चि. अक्षरास,

अनेक आशीर्वाद. कविता गुरुवारीच मिळाली. उत्तराला पाच दिवस लागले, कारण दुकानात लग्नसराईची भांडी उतरून घेत होतो.

आता लक्ष दे. कवितेत एक बाई आहे. तिच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या आहेत. पाच जण जेवायला बसतात, ती वाढते. सहावी खुर्ची रिकामी राहते. रोज असंच. शेवटी सगळे उठून गेल्यावर ती बाई त्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ पुसते आणि खुर्ची आत सरकवते. कविता संपली.

गाईडात लिहिलंय की खुर्ची हे आशेचं प्रतीक आहे, बाई कुणाची तरी वाट बघतेय. कवितेसोबतच्या चिठ्ठीत तूही तेच लिहिलंस. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांनीच तेच लिहिलं असणार.

पण माणसं मोज. जेवणारी पाच आणि वाढणारी एक, किती झाली? मग सहावी खुर्ची कुणाची? तिचीच की. ती कुणाची वाट बघत नाही. तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीवर तिला कुणी बस म्हटलेलं नाही, आणि आता इतकी वर्षं झाली की तिलाही त्यात काही वाटत नाही. म्हणून ती रडत नाही, नुसती धूळ पुसते. रडली असती तर कविता बिघडली असती.

हे तुझ्या शब्दांत लिही. आणि पुढच्या वेळी कोणतीही कविता आली तरी आधी गाईड उघडू नकोस. तीनदा मोठ्यानं वाच. पहिल्या वाचनात अर्थाच्या मागं लागू नकोस, कोण कोण आहे आणि कोण काय करतंय एवढंच बघ. मेथी निवडतो तसं, एकेक काडी हातात घेऊन. अर्थ मागाहून आपोआप सापडतो.

तुझी आई बरी आहे. हल्ली दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा दुकानात येऊन बसते.

तुझे
अप्पा


चाकूर
बुधवार, २१ जानेवारी २०२६

चि. अक्षरास,

अनेक आशीर्वाद. संक्रांतीचे तीळगूळ डब्यात घातले होते ते पोचले असं तू लिहिलंस, पण तुझ्या खोलीतल्या बुद्धप्रियानंच निम्मे संपवले असंही लिहिलंस. बरं झालं. तिच्या घरून डबा येत नाही, तेव्हा यापुढं दोन भाकरी जास्त येतील.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. खुर्चीचं उत्तर सरांनी वर्गात वाचून दाखवलं आणि 'हे कुठल्या गाईडात आहे' असं विचारलं, तेव्हा तू 'आमच्या घरच्या' असं सांगितलंस. हे वाचून मी दुकानाच्या पायरीवर उगीच दोनदा वर-खाली केलं. दुसऱ्या सराव परीक्षेत सेहेचाळीस. एकवीसवरून सेहेचाळीस. गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच, कारण मग एकवीसही सांगावं लागलं असतं.

आता कादंबरीचा उतारा. त्यातला तो जहाजाचा म्हातारा कप्तान. स्वभावचित्रात तू लिहिलंस, शूर, कष्टाळू, प्रामाणिक. हे तीन शब्द कुणालाही चिकटवता येतात, आमच्या ग्रामसेवकालासुद्धा. तू त्याचं बोलणं बघ. तो प्रत्येक पानावर खलाशांवर ओरडतो. होकायंत्र त्याच्या खोलीत कुलपात, नकाशा कुणाला दाखवत नाही. का? कारण त्याला रस्ता माहीत नाही. जे माणूस फार मोठ्यानं बोलतं, त्याला बहुतेक वेळा कसली तरी भीती वाटत असते. स्वभावचित्र लिहिताना माणूस काय सांगतो ते सोडून दे आणि काय झाकतो ते धर.

हे वाक्य लिहिताना मला ठसका लागला. पाणी पिऊन पुढं लिहितोय.

तू विचारलंस, अप्पा, तुम्ही मास्तर का नाही झालात? याचं उत्तर एका ओळीत येणार नाही. पेपर झाल्यावर सांगेन.

तुझे
अप्पा


चाकूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अक्षरा,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र उद्या सकाळच्या डब्यात येईल आणि परवा मंगळवारी तुझा पेपर. तुझ्या आईचं म्हणणं आहे की हे आत्ता लिहू नये. "लेकराच्या डोक्यात आत्ता कशाला भरवायलात? पेपर होऊ द्या." मी तिचं ऐकत नाही. गेल्या महिन्याभरात मी तिचं फार ऐकलं, हे एकच माझं.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. तुझी पत्रं कशी वाचली जातात ते तुला माहीत नाही. संध्याकाळी डबा येतो, आई चुलीपुढं भाकरी करत असते, मी पाटावर बसून मोठ्यानं वाचतो. गॅस असूनही भाकरी चुलीवरच, तो तिचा हट्ट. शुक्रवारीही तसाच वाचत सुटलो. "अप्पा, तुमच्यामुळं जमलं, तुम्ही आमच्या सरांपेक्षा भारी शिकवता." इथं मी आवाज थोडा चढवला. आणि त्याच झोकात पुढचंही वाचून गेलो. "आईला हे सगळं वाचून दाखवू नका, तिला काय कळणार, बिचारी बोअर होईल."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं. आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "अक्षर सुदारलं बगा तिचं."

एवढंच म्हणाली. मला लाज वाटली, अक्षरा. तुझी चूक नाही. तुला जे माहीत नाही त्याची चूक तुझ्या माथी कशी मारू? चूक माझी आहे, आणि ती एकोणीस वर्षांची आहे.

तुझी आई बारावी झालेली नाही. म्हणजे बारावी झाली, त्याच्याही पुढं गेली. कंधारहून रोज बसनं नांदेडला जायची, बी. ए.ची दोन वर्षं पूर्ण केली, विषय इंग्रजी साहित्य. शेवटचं वर्ष राहिलं होतं तेव्हा माझं स्थळ आलं. आणि मी बारावी नापास. इंग्रजीतच. तुझ्या एकवीसपेक्षा मला एक मार्क जास्त होता, पण तोही शंभरपैकी. हातखंडा विषय तो हा. आमच्या वेळी एका सरांनी पाच प्रश्नांची यादी दिली होती, हेच येणार म्हणून. मी पाचच पाठ केले, आलं एकही नाही. मग मी पाठ केलेली पाचही उत्तरं सुंदर अक्षरात लिहून आलो, ज्या प्रश्नांची नव्हती त्या प्रश्नांखाली. तेव्हा टिंबांवरून तुला हसणारा मी कोण?

आता मुलगी शिकून मुलाच्या पुढं गेलेली आपल्यात कुणाला सोसत नाही. मध्यस्थ होते वैजनाथमामा. त्यांनी तोड काढली. माझ्या वडलांना, महादेवप्पांना सांगितलं, मुलाला बारावी पास लिहा. तुझ्या कंधारच्या आजोबांना सांगितलं, मुलीलाही बारावीच लिहा. दोन्ही घरं खूश. मला अर्धी पायरी वर चढवलं, तिला दोन पायऱ्या खाली उतरवलं, आणि दोघांना एकाच पाटावर बसवून अक्षता टाकल्या. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेही तेव्हा कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

लग्नानंतर सहा महिन्यांनी तिनं एकदाच विचारलं, "उरलेलं वर्ष बाहेरून देऊ का?" मी म्हणालो, लोक काय म्हणतील, बारावीवाली एकदम बी. ए. कशी झाली? तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. लोकांचं कारण खोटं होतं. लोकांना काय, त्यांनी दोन दिवस चर्चा केली असती. मला बावीस मार्क होते, हे खरं कारण. रस्ता माहीत नसलेला कप्तान तुला आठवतोय ना? तो शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

तू खुर्चीची कविता पाठवलीस तेव्हा मी तीन दिवस दुकानात डिक्शनरी घेऊन बसलो. लग्नसराईची भांडी वगैरे सगळं थाप होती. प्रत्येक शब्दाचा अर्थ मिळाला, कवितेचा मिळाला नाही. चौथ्या दिवशी दुपारी आई माझा चहा घेऊन आली. मी कागद झाकायच्या आत तिनं पदराला हात पुसले आणि तो उचलला. मग तिनं ती कविता वाचली. मोठ्यानं, सरळ, कुठंही न अडखळता. एकोणीस वर्षांत मी तिच्या तोंडून इंग्रजी ऐकलं नव्हतं. समोरच्या रसवंतीवरच्या शरणम्मा उसाचं कांडं हातात धरून बघत राहिल्या.

वाचून झाल्यावर म्हणाली, "ही खुर्ची तिचीच हाय की. ह्यात काय अवघड हाय?"

मी म्हणालो, तू पत्र लिही तिला. तर म्हणाली, "न्हाई, तुम्हीच लिवा. माझं नाव बगितलं की तिला वाटंल, आईला काय कळतंय." तुझ्या पत्रातलं वाक्य ती महिनाभर आधीच म्हणाली होती. आणि मी लिहिलं. माणसं मोजायची तिनं सांगितली, कप्तानाची भीती तिनं पकडली. मेथी निवडण्याचं वाचून तरी तुला शंका यायला हवी होती. मी जन्मात मेथीची एक काडी निवडलेली नाही.

ती दुपारी दुकानात येऊन बसते असं लिहिलं होतं. ती सांगायची, मी लिहायचो, मधे गिऱ्हाईक आलं तर आम्ही दोघंही चोरी पकडल्यासारखे गप्प बसायचो. एकदा एक बाई पितळी डबा घ्यायला आली आणि तुझी आई तिला कवितेच्या तालाबद्दल सांगत राहिली, भान राहिलं नाही. त्या बाईनं डबा घेतला नाही, पण अर्धा तास ऐकत बसली. खरं सांगतो, हा महिना माझा फार चांगला गेला. आणि वाईट याचं वाटलं की असे दोनशेच्यावर महिने मी स्वतःच्या हातानं घालवले.

तुझं पत्र वाचलं त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी तिला म्हणालो, मी अक्षराला सगळं लिहिणार. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग ट्रंक उघडली, लग्नातल्या इरकली साडीच्या घडीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. बी. ए. दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका. इंग्रजीत एकाहत्तर. म्हणाली, "लिवायचंच हाय तर आकडा बरोबर लिवा." म्हणून लिहिला.

काल मी भांड्यांच्या खरेदीचं निमित्त करून लातूरला आलो होतो. तुझ्या हॉस्टेलवर आलो नाही, तोंड दाखवायची तयारी नव्हती. मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर चौकशी केली. जूनमध्ये फॉर्म निघतात. जुनी दोन वर्षं धरतात की नाही ते कागद बघून सांगतो म्हणाले. नाही धरली तर तिन्ही वर्षं नव्यानं. हे घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "आधी पोरीचा पेपर." आणि तासाभरानं, तांदूळ पाखडता पाखडता, माझ्याकडं न बघता, "नव्यानं असलं तर पुस्तकं बदलली असतील. यादी आणायची व्हती."

यादी मी आणायला हवी होती. चुकलो. बुधवारी जाऊन आणतो.

आता तुझ्या पेपराबद्दल. तू पास होशील का याची काळजी मला डिसेंबरात होती, आता नाही. परवा न वाचलेला उतारा येईल, त्यावर ना सरांचा साचा चालेल ना डब्यातलं पत्र. पण खुर्चीनंतरच्या तीन कविता तू स्वतः सोडवल्यास, आम्हाला न विचारता. शेवटची उत्तरं तू पाठवलीस ती तुझ्या आईनं तपासली. एका ठिकाणी ती म्हणाली, "हे मला सुचलं नसतं." हे वाक्य मी तिच्या तोंडून दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलेलं नाही. हे तुला पेपरआधी कळावं म्हणूनच मी एवढी घाई केली. तुला ही बुद्धी कुठून आली ते तुला ठाऊक नव्हतं. उसनी समजून ती वापरायला तू घाबरू नयेस.

मंगळवारी दुकान मी बघेन. तुझी आई सकाळच्या बसनं लातूरला येतेय. कधी नव्हे ते तिनं स्वतः ठरवलं, मी नुसता हो म्हणालो. दोन वाजता पेपर सुटला की ती गेटबाहेर उभी असेल, बहुतेक हिरव्या साडीत. मला फोन करून पेपर कसा गेला ते सांगू नकोस, मला काही कळणार नाही. बाहेर आलीस की आधी प्रश्नपत्रिका तिच्या हातात दे, आणि तिची वाचून होईपर्यंत उन्हात तिच्याशेजारी थांब.

कळावे.

सांगणारी : सौ. महानंदा, बी. ए. दुसरे वर्ष, इंग्रजी एकाहत्तर
लेखनिक : तुझे अप्पा